छपरावरचं अस्वल

"तुमचा विश्वास बसणार नाही, पण या छपरावर एक अख्खं अस्वल झोपून गेलंय," म्हातारा वेल्डर म्हणाला आणि त्याने जीपच्या टपावर थाप मारली.

गाडी बघायला आलेलं जोडपं तरुण होतं. बायको टपाकडे बघत राहिली. नवरा हसला.

"किती वजनाचं होतं, काका?"

"ते विचारायचं राहून गेलं."

हे छप्पर त्याने स्वतःच्या हाताने केलं होतं. कड्या काढल्या की पेटीच्या झाकणासारखं वर उचललं जायचं. तिन्ही बाजूंना कॅनव्हास, आत फळीवर दोघांपुरती गादी. जिथे रस्ता संपेल तिथे गाडी उभी करायची आणि झोपायचं.

"त्या रात्री आम्ही याच गादीवर. वर छप्पर, आणि बाजूच्या खडकावरून उतरून छपरावर हे साहेब पसरलेले. झालं! छप्पर बसायला लागलं. हळू... हळू... माझ्या नाकाला टेकलं. रात्रभर आम्ही दोघं पाकिटातल्या पत्रासारखे चपटे. सकाळी त्याने आळस दिला, खाली उडी मारली, तसं छप्पर फाडकन वर! जाताना दाराला हात पुसून गेला, हे बघा ओरखडे."

"लंगडत गेला," मागून आवाज आला.

घराच्या दाराशी खुर्चीत वेल्डरची बायको बसली होती. मांडीवर भरलेली पिशवी. ती रोज सकाळी अशीच पिशवी भरून बसायची आणि विचारायची, "पुन्हा कधी जायचं?" तो म्हणायचा, "उद्या." तिच्या त्या 'पुन्हा'वर म्हातारा दिवस ढकलत होता.

"पायात काटा होता त्याच्या," ती म्हणाली. "मी काढला. असा." आणि तिने अंगठा आणि बोटाची चिमूट करून हवेतून काहीतरी अलगद उपसलं.

काटा वेल्डरच्या गोष्टीत नव्हता. कधीच नव्हता.

मीटरवरचे किलोमीटर आधीच्या मालकाचे होते. चाकांच्या वरचा वाळका चिखल मागच्या अंगणातल्या नळाखालचा होता. ओरखडे त्याने एका दुपारी कानशीने काढले होते, आधी चारच, अस्वलाला पाच नखं असतात हे मागाहून कळलं म्हणून पाचवा वेगळा. हे गिऱ्हाइकासाठी नव्हतं, तिच्यासाठी होतं. छप्पर पुरं झालं त्याच आठवड्यात ती दूध आणायला गेली आणि आपली गल्ली तिला ओळखू येईना. जाणं राहिलं. मग जाऊन आल्याच्या गोष्टी तो सांगू लागला, रोज एक. मुलाचं नाव तिच्या हातून निसटलं, मग लग्न निसटलं. गोष्टींतले डोंगर मात्र राहिले.

दोन दिवसांनी मुलाकडे कायमचं राहायला जायचं होतं. तिथे चौथ्या मजल्यावर दोन म्हाताऱ्यांना जागा होती, जीपला नव्हती.

"सीट काय स्वच्छ ठेवल्यात, काका," तरुणी आत डोकावून म्हणाली.

"आमच्या हिचा कायदा आहे. नवी वस्तू आली की तिचं वेष्टन काढायचं नाही. आमच्या टीव्हीच्या रिमोटने अजून जग पाहिलेलं नाही."

"चिखलात ओढते ना ही गाडी?" नवऱ्याने विचारलं.

"चिखल? अहो, एकदा अख्खी नदी ओढून आणली होती हिने मागच्या बंपरला. परत सोडायला जावं लागलं."

"ते खरंच," खुर्चीतून ती म्हणाली. "मासे पण होते."

तरुण पोट धरून हसला. त्याने कड्या काढल्या, हलकासा रेटा दिला. फुस्स करून छप्पर वर गेलं आणि कोऱ्या कॅनव्हासचा वास खाली आला. वेल्डरच्या नाकाला तो लागला, पण जीभ पुढे धावत होती.

"दांडे बघा! अस्वल पेललंय त्यांनी!"

"थांब, मी वर जाऊन बघते," म्हणत तरुणी सीटवर पाय देऊन चढली.

वर काहीतरी करकरलं. ती हलली, पुन्हा करकरलं.

"काका, पकडले गेलात!" तिच्या आवाजात हसू मावत नव्हतं. "गादीचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही! हिच्यावर कधी कोणी झोपलेलंच नाही!"

नवरा मोठ्याने हसला. हसण्यासाठी वेल्डरनेही तोंड उघडलं.

गादी आली त्या दिवशी तो प्लास्टिक फाडायला निघाला होता. तिने हात धरला होता. "राहू द्या हो, मळेल. पहिल्या मुक्कामाला काढू." चिखल त्याच्या लक्षात राहिला, ओरखडे राहिले. प्लास्टिक लक्षात राहिलं नाही.

त्याने मागे वळून पाहिलं. मांडीवरची पिशवी घसरून खाली पडली होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. ती आपल्या हाताकडे बघत होती. अंगठा आणि बोट अजून चिमटीतच होते.

"अहो," ती म्हणाली, "मग मी काटा कुणाच्या पायातला काढला?"