कुंकवाचं बोट

भागुबाईच्या लेकीचं, हर्षालीचं लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. चांदवडजवळच्या त्यांच्या बचत गटाला सरकारी पैशातून कांदा वाळवायचं यंत्र मिळायचं घाटत होतं. तालुक्याचे साहेब एवढंच म्हणाले, "अध्यक्ष विधवा असेल, त्या गटाचा नंबर आधी लागतो."

गटाची अध्यक्ष भागुबाई. तिचा नवरा चिमाजी वर्षभर खाटेला खिळलेला. त्या दिवसापासून गटातल्या बाया रोज तिच्या दारात यायला लागल्या. "भाऊंना आज कसं हाय?" बरं वाटतंय म्हटलं, की चहा न घेताच उठायच्या. भागुबाईला वाटे, बाया किती जीव लावतात.

संक्रांतीला लंकाबाईकडं हळदीकुंकू होतं. लंकाबाई ओळीनं एकेकीच्या कपाळाला बोट टेकवत आली आणि भागुबाईला ओलांडून पुढच्या बाईला कुंकू लावून मोकळी झाली. साऱ्या भागुबाईच्या कपाळाकडं बघायला लागल्या.

"अगं बाई," लंकाबाईनं जीभ चावली. "ध्यानातच राहिलं नाय."

"अजून हायेत ते, लंकाबाई," भागुबाई म्हणाली आणि तिनं कपाळ पुढं केलं.

होळीच्या आत यंत्र मंजूर झालं. अध्यक्ष तेवढी बदलावी लागली. नवं नाव भागुबाईनंच सुचवलं. चिमाजी अजून खाटेवर आहे. रथसप्तमीला ट्रॅक्टर उलटून वारला, तो लंकाबाईचा नवरा सोमनाथ.