पाणी आणायला

वन्संनी पुन्हा घड्याळ बघितलेलं तिनं टिपलं. आता या म्हणणार, निघू या.

समोर मोठ्या मंचावर चौघांचा बँड नुकताच उभा राहिला होता. ड्रमवाल्या बाईनं बाह्या वर सरकवल्या, हातातल्या काठ्या चारदा एकमेकींवर आपटल्या, आणि गवतावर मांडलेल्या घडीच्या खुर्च्यांचे पाय थरथरले. तिचेही. तिनं मांडीवरची पिशवी घट्ट दाबून धरली.

ती अडुसष्ट वर्षांची होती. यजमान जाऊन आठ महिने झाले होते. परगावी राहणाऱ्या लेकीनं या उन्हाळी संगीत महोत्सवाची दोन तिकिटं पाठवली होती. "आई, आत्यालाही घेऊन जा. दोघी नुसत्या भिंतींकडे बघत बसता." आत्या म्हणजे वन्सं, यजमानांची धाकटी बहीण. गणिताच्या निवृत्त शिक्षिका. लग्न केलं नाही, जन्मभर भावाच्याच घरी राहिल्या. वयानं तिच्याहून तीन वर्षांनी मोठ्या आणि धाकानं तीस.

यजमान वाईट नव्हते. त्यांना आवाज सहन व्हायचा नाही, इतकंच. दारं हळू लावायची, रेडिओ पुटपुटता ठेवायचा, मिक्सर ते बाहेर पडले की फिरवायचा. बँड म्हणजे त्यांच्या लेखी निव्वळ गोंगाट. चाळीस वर्षं ते घर चवड्यांवर चाललं.

पण ती ऑपरेशन थिएटरमधली नर्स होती. तिथले मोठे सर्जन पोट उघडलं रे उघडलं की गिटारवाले बँड लावायला सांगायचे, तेही मोठ्यानं. एकतीस वर्षं तिनं त्या तालावर कात्र्या-चिमटे हातात दिले होते. मास्कच्या आड तिचे ओठ हलायचे. घरी यायच्या वाटेवर ती ते मिटून घ्यायची.

वन्संनी परत मनगट वळवलं. आता तिला बसवेना.

"पाणी आणते," ती म्हणाली.

"बाटली भरलेली आहे की."

"कोमट झालंय हो ते."

नळापाशी ती थांबलीच नाही. गर्दीतून वाट काढत सरळ पुढं गेली. हिरव्या केसांच्या एका मुलीनं बाजूला सरकून तिला कठड्यापाशी जागा करून दिली. आधी मान हलली, मग खांदे, आणि मग कंबरेनं तिला काही विचारलंच नाही. एक गाणं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला ती हात वर करून नाचत होती. ताल छातीच्या पिंजऱ्यात घुसून आतून धडका देत होता.

गाणं संपलं आणि तिच्या लक्षात आलं, तीन गाणी झाली, यजमानांची आठवण एकदाही आली नाही. भर उन्हात ती गारठली. आठ महिने. आठच. वन्संनी बघितलं असेल का? आपल्या भावाची बायको अशी नाचताना?

पदरानं चेहरा पुसत ती लगबगीनं मागे आली. वन्संची खुर्ची रिकामी होती.

"त्या मघाशीच गेल्या," शेजारच्या सतरंजीवरची बाई म्हणाली. "तुम्ही गेलात, पाठोपाठ त्याही. पाणी आणायला म्हणाल्या."

नळापाशी वन्सं नव्हत्या. तिनं फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. एकाहत्तरीची बाई, रक्तदाबाची गोळी चालू, आणि हे ऊन. पावलं आपोआप प्रथमोपचाराच्या तंबूकडे वळली. तिथल्या दोन्ही खाटांवर कुणी अनोळखी झोपले होते. तिनं प्रसाधनगृहांची रांग पाहिली, फाटक पाहिलं, पुन्हा खुर्च्या पाहिल्या. मी तिकडं नाचत होते, आणि इकडं ही बाई कुठं कोसळून पडली असेल तर?

खाण्याच्या गाड्यांच्या मागे, पत्र्याच्या छपराखाली एक छोटा मंच होता. तिथला बँड मोठ्या मंचावरच्या बँडपेक्षाही मोठ्यानं वाजत होता. कुणी गर्दीत घेरी येऊन पडलं असलं तर, म्हणून ती आत घुसली.

अगदी पुढं, कठड्याला लागून, एक पांढरा अंबाडा सुटून पाठीवर आला होता. वन्संनी एका हातात चष्मा धरला होता, दुसरा हात मुठीसकट वर होता, आणि त्या उड्या मारत गात होत्या. शब्द न् शब्द पाठ.

तिनं त्यांच्या खांद्याला हात लावला. वन्सं वळल्या. वर गेलेला हात सावकाश खाली आला. त्यांनी चष्मा चढवला आणि शाळेत बोलायच्या त्याच सुरात बोलायला लागल्या.

"शाळेतली मुलं सुट्टीनंतर प्रयोगशाळेत हीच गाणी बसवायची. किल्ली माझ्याकडे असायची. मी वह्या तपासत बसून राहायची." मग जरा थांबून म्हणाल्या, "वह्या काय, घरी पण तपासता आल्या असत्या."

तिनं पदरानं मान टिपली.

"आणि तू एवढी घामाघूम कशानं? पाण्याला रांग होती?"

"पाण्याला गेलेच नव्हते. पुढं गेले होते. नाचले."

मागे गिटारवाला तारा जुळवत होता. वन्संनी आजूबाजूला नजर टाकली, तिच्या कानाशी वाकल्या आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "वहिनी, घरी कळू देऊ नकोस हं."

"नाही हो," ती सवयीनं म्हणाली. तिचाही आवाज तितकाच खाली होता.

वन्संनी सुटलेला अंबाडा बांधायला घेतला.

"पण वन्सं," ती म्हणाली, "घरी आहे कोण आता?"