एवढंच, आत्या

भातावर दुसऱ्यांदा आमटी घेता घेता निहारने सांगून टाकलं, की या खेपेला तो जहाजावर राहणार नाही. इराकमध्ये आत, मालट्रकांच्या ताफ्याबरोबर बंदूक घेऊन जायचंय. सहा महिने. एवढंच.

नीलिमाने पातेलं खाली ठेवलं.

निहार तिचा भाचा, न्यू जर्सीच्या दिलीपदादाचा एकुलता एक मुलगा. अमेरिकेच्या आरमारात होता. आखाताकडे निघालेलं त्याचं जहाज सिंगापूरला थांबलं, की तो चोआ चू कांगला आत्याच्या फ्लॅटवर जेवायला यायचा. २००३ साली आला तेव्हा म्हणाला होता, आम्ही आपले समुद्रातच. जमिनीला पायसुद्धा लागणार नाही. दोन-तीन महिन्यांत इराकमधली मोठी लढाई संपल्याचं टीव्हीवर सांगितलंही. दोन वर्षांनी परत आला, तेव्हा त्या संपलेल्या लढाईत पहाऱ्याला माणसं कमी पडत होती. तिथल्या बंदराच्या फाटकाशी उभं राहायचं, एवढंच. आता २००७ उजाडलं होतं. सैन्य आणखी वाढवायचं ठरलं होतं. जमिनीवरची माणसं पुरेनात, म्हणून जहाजांवरची उचलत होते.

दर वेळी तो म्हणायचा, बाबांना सांगू नकोस, त्यांची बायपास झालीय. दादाचा फोन आला की नीलिमा सांगायची, मजेत आहे पोरगा, पोटभर जेवला.

"नाही म्हणता येतं?" तिने विचारलं.

"येतं. अजून सही केली नाही. उद्या सकाळी करायचीय."

"मग?"

 निहारने तिला मागच्या खेपेची एक गोष्ट सांगितली, जी तेव्हा सांगितली नव्हती. फाटकाशी त्याच्या शेजारी उभा असायचा तो मुलगा तिथेच मारला गेला. वीस वर्षांचा होता.

"आता मी नाही म्हटलं, तर तो कशासाठी गेला, आत्या?"

त्याने मान वर केली आणि तिच्याकडे पाहत राहिला. ती काही बोलेल म्हणून थांबल्यासारखा. जाऊ नकोस, हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले होते. पण सख्खा बाप हयात असताना आपण कोण सांगणारे, असं तिला वाटलं. तिने त्याला ताक दिलं. एमआरटीच्या स्टेशनपर्यंत सोडायला गेली, तेव्हा दोघंही हवापाण्याचंच बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नोव्हेनाला हॉस्पिटलमध्ये कामावर पोचते न पोचते तोच त्याचा एसएमएस आला. सही केली, जहाज सुटतंय.

ती लॅबमध्ये गेलीच नाही. जिन्यात उभं राहून तिने दादाला फोन लावला आणि चार वर्षं पोटात ठेवलेलं सगळं सांगितलं. बंदर, फाटक, ताफा, सही. माझं चुकलं, म्हणाली. दादा मध्ये एकदाही बोलला नाही. तिला धास्ती वाटली, की त्याला काही झालं तर नाही?

"मला माहीत होतं," तो शेवटी म्हणाला. "जहाजावरच्या एका पोराची आई सगळं कळवायची. माझं तो ऐकत नाही, नीलिमा. पण दर वेळी तुझ्याकडे उतरायचा, म्हणून मी निर्धास्त होतो. म्हटलं, तू काही त्याला पुढे जाऊ द्यायची नाहीस."