नऊ ठिपके

मोहाडीच्या जानकीबाईले वाचता येत नव्हतं. तिचा पोरगा भूषण कामाले हैदराबादले गेलेला. त्याचे मेसेज सून दामिनी रोज दिवेलागणीले तिले वाचून दाखवे. मंग एक दिवस दामिनीनं मोबाइलले लॉक लावलं, अन् म्हातारीच्या डोक्यात किडा वळवळला. पोरगा तिकडे राबून राहिला, अन् इकडे सुनेचं कोणाशी जुळलं असंल तर?

"काहून वं, घरात चोर शिरला का?"

"तसं नाही जी आई. आजकाल समदेच लावतेत."

पण नऊ ठिपक्यांवरून फिरणारं बोट म्हातारीनं हेरून ठेवलं होतं. जन्मभर ठिपक्यांची रांगोळी काढणारीले ते का अवघड! सून नळावर गेली तशी तिनं ठिपके जोडले अन् भूषणच्या फोटोवर बोट ठेवलं. डाव्या बाजूचे त्याचे, उजव्या बाजूचे आपले, एवढं सुनेनंच तिले कधीतरी शिकवलं होतं.

तिनं खालवर कितीक सरकवून पाह्यलं. समदे मेसेज उजव्याच बाजूले होते. डावी बाजू पार सुनी.

तिनं मोबाइल होता तसा ठेवला अन् तांदूळ निवडाले बसली.

सांजेले दामिनीनं मोबाइल हाती घेतला. "आई, ते विचारून राहिले, जेवली का म्हणून."



जानकीबाईनं सुपावरची मान वर केली नाही. "लिव त्याले, आमचं मायलेकीचं झालं जेवण."