आबासाहेबांची लेक

आबासाहेब मागच्या सीटवर बसले नाहीत. पुढचं दार उघडून ते सरळ बाजीरावांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "अल सद्दला घ्या."

बाजीरावांनी गाडी सुरू केली. कतारमध्ये, दोह्यातल्या मराठी मंडळींनी आमदारांचा सत्कार ठेवला होता. "तुमच्याच तालुक्याचे आहेत, गाडी घेऊन तुम्हीच या," म्हणून पार दुखानहून बाजीरावांना बोलावून घेतलं होतं. ज्या माणसाने आपल्याला निवडणुकीत तीनदा पाडलं, त्याचाच ड्रायव्हर व्हायची पाळी आली होती.

आबासाहेब इंगळ्यांचा मतदारसंघ कोल्हापूरच्या दक्षिणेला, पार कर्नाटकाच्या हद्दीला लागून. सत्तावन्न सालापासून ते विधानसभेत होते, आणि आता त्र्याऐंशी उजाडलं तरी कुणी त्यांना हलवू शकलं नव्हतं. माणूस जुन्या वळणाचा. जातीबाहेरच्या लग्नांना सभागृहात उभं राहून विरोध करणारा, परक्या घरचं पाणीही न पिणारा. बाजीराव त्यांच्याविरुद्ध उभे राहायचे ते सुधारणेचा झेंडा घेऊन. जात गाडा, रूढी मोडा! टाळ्या बाजीरावांना मिळायच्या, मतं आबासाहेबांना.

बहात्तरची हार सगळ्यात जिव्हारी लागली. त्याच वर्षी बाजीरावांनी घरातलं एक माणूस, समोरच्याचं नाव-गावही ऐकून न घेता, कायमचं तोडलं होतं. प्रचारात आबासाहेबांनी त्याविषयी चकार शब्द काढला नव्हता, आणि तेच बाजीरावांना जास्त झोंबलं होतं. पुढे बायको वारली. बाजीराव दुखानला तेल कंपनीत स्टोअरकीपर झाले. घरी कोण असतं, असं खोलीवरच्या केरबाने विचारलं तेव्हा "कुणी नाही" एवढंच म्हणाले. गावाकडचा पेपर हाती आला की मात्र आधी आबासाहेबांचा फोटो शोधायचे. गळ्यात हार, हातात कात्री, समोर रिबीन. तो दिसला की दिवसभर अन्न गोड लागायचं नाही.

शुक्रवारची दुपार होती. रस्ते मोकळे होते.

"कुणाकडे जायचंय?" बाजीरावांनी विचारलं.

"लेकीकडे."

बाजीरावांनी चमकून पाहिलं. आबासाहेबांना तिन्ही मुलगेच, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं.

"तुम्हाला कुठली लेक?"

आबासाहेब मांडीवरची पिशवी सावरत बाहेर बघत राहिले. पिशवीतून हिरव्या इरकलीचा काठ डोकावत होता.

इमारतीपाशी उतरताना ते म्हणाले, "वर यायची हिंमत असेल तर या. मी अडवणार नाही."

मग्रुरी! इतक्या वर्षांच्या आमदारकीची मग्रुरी. बाजीरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण दुसऱ्याच क्षणी आतून आनंदाची उकळी फुटली. लपवलेली लेक म्हणजे लपवलेली बाई. आयुष्यभर धर्म सांगत फिरणाऱ्याचं हे बिंग! सत्काराचे फोटो काढायला आणलेला कॅमेरा त्यांनी गळ्यात अडकवला आणि जिने चढले.

दार सताड उघडं होतं. वर पाटी होती: इनायत काझी.

मुसलमानाचं घर! बाजीराव उंबऱ्यातच थबकले. आत जमिनीवर जेवणाचं दस्तरखान अंथरलेलं. आबासाहेब टोपी बाजूला ठेवून, मांडी घालून जेवत होते. तांदळाची भाकरी, सुरमईचं कालवण. मांडीवर एक चिमुरडी, "नाना, नाना" करत त्यांच्या मिशा ओढत होती आणि ते तिला भाकरीचा घास भरवत होते.

गावात माणसं याची, सभेत माणसं याची, आणि इथे परमुलखातसुद्धा मांडीवर कुणीतरी याच्याच! आपल्याला दुखानच्या खोलीत सकाळी उठवायलाही कुणी नव्हतं.

त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. हा एक फोटो कोल्हापूरच्या पेपरात छापून आला, की आमदारकी खलास. त्यांनी बटण दाबलं.

"सापडलात, आबासाहेब!"

आबासाहेब दचकले नाहीत. पोरीचं तोंड पुसून त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली.

"अंजना, आणखी एक ताट घे. तुझे वडील आलेत."