शेवटची मूठ

“दोन क्रेडिटांपायी पोरीचं वर्ष घालवायचं का, सर?”

दिपमाला मॅडमनी असं विचारलं तेव्हा योगराज सर चष्मा पुसत होते. नकार देण्याआधी सर चष्मा पुसतात, हे जळगावच्या त्या कॉलेजात शिपायालाही ठाऊक होतं. टेबलावरची स्वतःच्या नावाची पितळी पाटीही ते तशाच निगुतीनं पुसत. पाटी कशी झळझळीत.

समोर साक्षी बसली होती. नरडाण्याकडची. धुळ्याच्या कॉलेजात दोन वर्षं काढून तिसऱ्या वर्षाला इकडे आलेली. रसायनशास्त्राचे सगळे क्रेडिट बिनबोभाट वळते झाले. अडकला तो सामान्य शिक्षणाचा एकच विषय, ‘खान्देशी लोकपरंपरा’. विज्ञानाच्या पोरांना चार गोष्टी घरच्याही कळाव्यात म्हणून ठेवलेला. एरवी पोरं त्यात झोपेत पास होत.

“तिथला अभ्यासक्रम आपल्याशी जुळत नाही,” सर म्हणाले. “त्यात कानबाई देवीची स्थापना आहे, पण तिच्या नैवेद्याच्या रोटांचा विधी नाही. आपला अभ्यासक्रम मी स्वतः लिहिलाय.”

“मग तोंडी परीक्षा घ्या. नियमात बसतं. समितीत आपण दोघंच तर आहोत.”

मॅडम इथल्याच, जळगावजवळच्या असोद्याच्या. केळीच्या व्यापाऱ्याशी करावी तशी घासाघीस त्या सरांशी करत आणि बहुधा जिंकत. सर वऱ्हाडातले. गावाकडे कुणी उरलं नाही म्हणून दिवाळीतही कॉलेजमागच्या खोलीतच राहत. परका माणूस, पण खान्देशावर केवढा जीव, याचं मॅडमना कौतुक होतं.

“या वर्षी अडकलीस तर घरी बस, असं आबांनी सांगितलंय,” साक्षी म्हणाली. आवाजात ना रडगाणं, ना विनवणी. आल्यापासून ती सरांच्या तोंडाकडे नव्हे, हातांकडे बघत होती. मॅडमना ते जरा चमत्कारिक वाटलं.

“एवढं होतं तर धुळं सोडून आलीस कशाला?” सरांनी विचारलं.

“तुमचा अभ्यासक्रम वाचला, सर. म्हणून आले.”

मास्तर पगारापेक्षा कौतुकाला लवकर विरघळतो. सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “सांग मग. रोटाचं धान्य कसं काढतात?”

तेवढ्यात वीज गेली. पंखा कुरकुरत थांबला. श्रावणाची भर दुपार, तरी ढगांमुळे खोली अंधुक झाली.

“घरात जेवढे पुरुष, त्यांच्या नावानं गव्हाच्या मुठी,” अंधुक उजेडात साक्षीचा आवाज आला. “आमच्याकडे पुरुष नऊ. मुठी दहा.”

“दहावी कुणाची?”

“काकांची. मी रांगत होते तेव्हा ते तापीत गेले. माशांनी चेहरा ठेवला नव्हता. कपड्यांवरून ओळखलं.”

सरांनी पाण्याचा ग्लास जवळ ओढला.

“मेलेल्याची मूठ काढत नसतात.”

“आजी काढते. ती म्हनस, मना हिलाल जित्ता शे.”

“म्हणजे सर, ती म्हणते की माझा हिलाल जिवंत...” मॅडम समजावून सांगू लागल्या.

“कळलं,” सर म्हणाले. “पुढे. मुठी कोण काढतं?”

“घरातला थोरला. उजव्या हातानं. दहाच्या दहा.”

“चूक.”

“असू द्या ना, सर. एवढ्या-तेवढ्याला काय धरायचं?” मॅडम मध्ये पडल्या.

“कसं असू द्या? बाकीच्या उजव्या हातानं. शेवटची डाव्या हातानं, भिंतीकडे तोंड करून. एवढं साधं येत नसेल तर क्रेडिट कशाचे वळते करायचे?”

बोलता बोलता सरांचा डावा हात टेबलावर आला. बोटं वळली, मिटली. त्यांच्यासमोर गव्हाचं सूपच ठेवलंय असं वाटावं.

मॅडमच्या घरी पिढ्यान् पिढ्या कानबाई बसते. डाव्या मुठीचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पण गाव तितक्या रीती, आणि सरांचा व्यासंग मोठा. पोरीचं काम होतंय तिथं आपलं शहाणपण कशाला?

“चुकलं, सर,” साक्षी म्हणाली. “आता लक्षात राहील.”

चूक कबूल करणारा विद्यार्थी सरांना वर्षाकाठी एखादाच भेटे. त्यांनी कागद ओढला, सही ठोकली. “दिले दोन क्रेडिट. मॅडमचे आभार मान.”

मॅडमनी सुस्कारा सोडला. साक्षीनं कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली. पण ती उठली नाही.

“माझ्या पणजोबांचा उजवा हात कापसाच्या जिनिंगमध्ये गेला होता,” ती शांतपणे म्हणाली. “तेव्हापासून त्यांची आठवण म्हणून शेवटची मूठ डाव्या हातानं, भिंतीकडे तोंड करून. फक्त आमच्या घरात, सर. आमच्या भाऊबंदांतही नाही. तुमच्या अभ्यासक्रमात डावा हात नव्हता, पण भिंतीकडे तोंड करायचं होतं. ते वाचून दाखवलं, तेव्हा आजी म्हणाली, जा, मास्तरासमोर एक चुकीचं उत्तर देऊन ये.”

वीज आली. पंखा फिरू लागला. सरांची डावी मूठ अजून मिटलेलीच होती.

“मंग तापीकाठे तुमना कपडासमा जो सापडना, ज्याले आबानी अग्नी दिन्हा,” साक्षीनं विचारलं, “तो कोन व्हता, काका?”

आणि ‘योगराज’ नाव कोरलेली टेबलावरची ती पितळी पाटी तिनं अलगद सरांकडे फिरवली.