लोकल नको

"लोकल है क्या?" मॅनेजरने विचारलं, आणि दिपालीने मान खाली घातली.

वॉचमनच्या नोकरीसाठी समोर उभा होता तिचा सख्खा काका, हिरामण.

दापोड्याच्या या गोदामात माणसं निवडायचं काम दिपालीकडे होतं. कॉलेजात तिचा विषय इंग्रजी. 'लोकल' हा शब्द जागा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला, म्हणजे जो त्या जागेचा तो लोकल, असं लिहून तिने मार्क मिळवले होते. गोदामात त्याचा अर्थ एवढाच, की हा नको. लोकल माणूस हळदीला गेला की चार दिवस उगवत नाही, वर ओरडलं तर अख्खा गाव गेटवर आणतो, असं मॅनेजरचं म्हणणं. दिपाली स्वतः याच गावची, पण मामाचा कल्याणचा पत्ता देऊन इथे चिकटली होती. राहायचीही मामाकडेच. कंपनीची बस गावातून जाताना स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढून बसायची. लाज वाटायची, पण करणार काय? शेत विकून आलेले पैसे बंगल्यात आणि लग्नांत उडाले, आता घर तिच्याच पगारावर होतं.

हे गोदाम तर काकाच्याच भातशेतीवर उभं होतं. त्याच्याहून लोकल माणूस शोधून सापडला नसता.

"अगं, तू..." काका म्हणाला, आणि तिचा पांढराफटक चेहरा बघून थांबला.

मॅनेजरने मान वर केली. "मॅडम को पहचानते हो? एक ही गाँव के हो?"

संपलं, दिपालीला वाटलं. नोकरी गेली.

काकाने तिच्याकडे एकदाच पाहिलं. मग तो मॅनेजरकडे वळला.

"नहीं साब. भतीजी जैसी लगी, पर वो नहीं है. मैं इधर का नहीं, दूर से आया."

"फिर रख लो," मॅनेजर खूश होऊन म्हणाला. "मॅडम, इनका गाँव लिख लो."

दिपालीने पेन उचललं. खाली बघूनच तिने विचारलं, "गाव?"

काका खिडकीबाहेर बघत होता. त्याची विहीर बुजवून केलेल्या जागेवर ट्रक लागत होते.

"लिवा मॅडम," तो म्हणाला. "गाव न्हाय मला."